ऑप्टाटसने विरोधी बिशपला 'भाऊ' का म्हटलं असेल? (डोनाटिस्ट फूट, उत्तर आफ्रिका)

पापडीकर

प्रश्न जरा लांबून सुरू होतोय, सांभाळून घ्या. मला ज्या फादरांनी बाप्तिस्मा दिला त्यांनी पुढे धर्मगुरूपद सोडलं, आणि का सोडलं ते बाहेर आलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नव्हतं. त्यावर जास्त लिहीत नाही. आई आता ऐंशीच्या घरात आहे, गेल्या पावसाळ्यात तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाली, "मग बाळा, तुझा बाप्तिस्मा लागला ना रे?" मी हो म्हटलं, पण का हो ते मला सांगता येईना.

मग शोधत शोधत डोनाटिस्टांपर्यंत आलो, म्हणजे चौथ्या शतकात चर्चपासून फुटलेला गट, त्यांचं म्हणणं की दोषी धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा लागतच नाही. सगळीकडे संत ऑगस्टीनचंच नाव येतं, पण त्याच्या आधी ऑप्टाटस नावाच्या एका बिशपने यावर अख्खं पुस्तक लिहिलंय हे आता कळलं. मिलेविसचा बिशप, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं मिला हे गाव. इंग्रजी भाषांतर मिळालं, वाचतोय, पण नावं आणि भानगडी इतक्या आहेत की डोकं गरगरतं. आणि एक गोष्ट फार खटकली, चांगल्या अर्थाने. ज्याच्या विरुद्ध हे पुस्तक लिहिलंय त्या पार्मेनियनला, डोनाटिस्टांच्या बिशपला, तो पुन्हा पुन्हा भाऊ म्हणतो. समोरचा तर ह्यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नाही. मग हे नुसतं गोड बोलणं आहे की त्यामागे काही विचार आहे? आणि मूळ भांडण नक्की बाप्तिस्म्याचं होतं की खुर्चीचं, ते पण कोणीतरी नीट सांगा.

जुन्या_वह्या

दादा, खुर्चीचं पण होतं, पैशाचं पण होतं आणि त्याच्याही खाली भीतीचं होतं. मी तुम्हाला भीतीपासून सांगतो कारण तिथून नाही पाहिलं तर पुढचं काहीच कळत नाही.

303 साली सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला, ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जप्त करा, जाळा, प्रार्थनेची घरं पाडा. आता सिर्ता नावाचं शहर घ्या, आज त्याला कॉन्स्टंटाईन म्हणतात, मिलाच्या जवळच आहे. 303 च्या 19 मे ला तिथला नगरप्रमुख फेलिक्स शिपाई कारकून घेऊन ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरात आला आणि त्या झडतीचा पंचनामाच आज आपल्याकडे आहे. सोन्याचे चषक 2, चांदीचे 6, चांदीच्या सुरया 6, चांदीचे दिवे 7, पितळी दिवे, साखळ्या, मग कपडे, बायकांचे अंगरखे 82, पुरुषांचे 16, पुरुषांच्या पायताणांचे 13 जोड आणि बायकांचे 47. गरिबांना वाटायला ठेवलेले कपडे असणार ते. मला तो 47 चा आकडा वाचला की कसंतरी होतं, कोणीतरी एकेक जोड उचलून मोजतोय आणि बिशप पॉल समोर बसून बघतोय.

मग पुस्तकांच्या खोलीत गेले तर कपाटं रिकामी. एकाने एकच भलंमोठं पुस्तक आणून दिलं. नगरप्रमुख म्हणाला एकच का? तर म्हणाले बाकीची वाचकांकडे असतात (म्हणजे मिस्सेत वाचन करणाऱ्यांकडे). त्यांची घरं दाखवा. तेव्हा दोघं जण म्हणाले, आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा. त्यांना धरलं. पण घरं दुसऱ्यांनी दाखवली. मग घरोघर, कुणाकडे 4 पुस्तकं, कुणाकडे 5, कुणाकडे 8, एकाची बायको 6 घेऊन आली तरी सरकारी गुलामाला आत पाठवून घर तपासलंच. आणि मधेच सिल्वानस नावाचा उपदीक्षित (डीकनच्या खालचा चर्चसेवक) चांदीची एक पेटी आणि एक दिवा घेऊन आला, रांजणामागे सापडलं म्हणाला, तर बाजूचा माणूस त्याला म्हणाला हे सापडलं नसतं तर तू मेला होतास!

तर अशा वेळी ज्यांनी पुस्तकं दिली त्यांना नाव पडलं त्रादितोर, हवाली करणारे, आपल्या भाषेत फितूर. छळ संपला, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

आता कार्थेज, रोमन आफ्रिकेचं मुख्य शहर. तिथला बिशप मेन्सुरियस. त्याला बोलावणं आलं, परत येईन की नाही माहीत नाही, म्हणून चर्चचं सोनंनाणं त्याने पंचमंडळींकडे ठेवायला दिलं आणि त्याची यादी करून एका म्हातारीच्या हातात दिली, की मी नाही आलो तर शांतता झाल्यावर बिशपच्या आसनावर जो बसलेला असेल त्याला दे. तो वाटेतच गेला. साधारण 311 ची गोष्ट. सेसिलियन बिशप झाला, म्हातारीने इमानाने यादी त्याच्या हातात ठेवली आणि पंचमंडळींनी सोनं केव्हाच गिळलं होतं. ते फुटले. ज्यांना स्वतः बिशप व्हायचं होतं ते दोघे फुटले. आणि लुसिला नावाची श्रीमंत बाई आधीपासून रागावलेली होती, ती कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतात ती पवित्र भाकर) घ्यायच्या आधी कुठल्यातरी हुतात्म्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची म्हणून सेसिलियन तिला चारचौघात बोलला होता. ऑप्टाटस एका वाक्यात सगळं सांगतो, या फुटीला बाईच्या रागाने जन्म दिला, पदाच्या हावेने दूध पाजलं आणि लोभाने अंगाला बळ आणलं.

मग नुमिदियाहून (सिर्ता, मिलेविस ज्यात येतात तो प्रांत) 70 बिशप आले, म्हणाले सेसिलियनला दीक्षा देणारा फेलिक्स (हा अप्तुंगाचा बिशप, वरचा नगरप्रमुख वेगळा) हा फितूर आहे, म्हणून सेसिलियनची दीक्षाच खोटी. त्यांनी लुसिलाच्या घरातल्या मायोरिनसला बिशप केलं, त्याच्या मागून डोनाटस आला आणि त्याचं नाव पंथाला लागलं. पुढे चौकशीत निघालं की फेलिक्सने काही दिलंच नव्हतं, त्याच्या विरुद्धच्या पत्रात कोणीतरी मागाहून मजकूर घुसडला होता!

आणि सिल्वानस आठवतोय ना, रांजणामागचा? तो पुढे सिर्ताचा डोनाटिस्ट बिशप झाला. 320 साली त्याच्याच हाताखालच्या डीकनने त्याला उघडं पाडलं, तेव्हा तो जुना पंचनामा सरकारी दप्तरातून काढून वाचला गेला. त्याच सुनावणीत हेही निघालं की मायोरिनसच्या वेळी लुसिलाने 400 फोलिस (तेव्हाचं रोमन नाणं) वाटले होते ते बिशपांनीच वाटून घेतले, गरिबाला एक छदामही नाही. ऑप्टाटसने हे सगळे कागद पुस्तकाला जोडले म्हणून तर आज ते आपल्याला वाचायला मिळतात. माझ्यासाठी त्याचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

ताडमाड

मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गावर शिकवलं म्हणून पापडीकरांच्या आईंच्या प्रश्नावर लिहिते, कारण तो प्रश्न पोरंसुद्धा विचारतात आणि आपण "हो लागतो" म्हणून पुढे जातो.

ऑप्टाटसच्या ग्रंथातलं पाचवं पुस्तक (त्याच्या भागांना पुस्तकं म्हणतात) वाचा, आधी ते वाचा, पहिलं नंतर. तो म्हणतो बाप्तिस्म्यात तीन गोष्टी आल्या, त्रैक्य म्हणजे पिता पुत्र आणि पवित्र आत्मा, दुसरा विश्वास ठेवणारा आणि तिसरा देणारा. पहिल्याशिवाय काहीच होत नाही. दुसऱ्याच्या विश्वासाशिवाय होत नाही. तिसरा लागतो खरा पण त्याची बरोबरी पहिल्या दोघांशी नाही, तो आज हा असेल उद्या तो असेल. काम करणारे बदलतात, साक्रामेंत (बाप्तिस्म्यासारखा पवित्र विधी) बदलत नाही. ते देणाऱ्यामुळे पवित्र होत नाही, ते मुळातच पवित्र आहे. धुतो तो देव, माणूस नाही. तिथे तो प्रेषित पौलाचं ते वचन घेतो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने.

मी वर्गात विहिरीचं उदाहरण द्यायचे (हे माझं आहे, त्याचं नाही). रहाटावर माणूस कोण होता यावर पाण्याची चव ठरत नाही. पण आता वाटतं हे अपुरं आहे, कारण ऑप्टाटस नुसतं पाणी चांगलं आहे एवढंच म्हणत नाही, तो म्हणतो तिथे कोण उभं आहे ते बघा, फादर नाही, ख्रिस्त उभा आहे. पुढे ऑगस्टीनने हेच अजून टोकाला नेलं, पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्त, ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहुदाने दिला तरी ख्रिस्तच.

आणि हे ऑप्टाटसने हवेतून काढलं नाही, 314 मध्ये आर्लच्या (आजच्या फ्रान्समधलं) बिशपांच्या परिषदेने आधीच ठरवलं होतं की फितूर ठरलेल्याला पदावरून काढा, पण त्याने ज्यांना दीक्षा दिली त्यांची दीक्षा मोडत नाही. हे दोन्ही एकत्र धरून ठेवायला पाहिजे, दादा. जो चुकला त्याला जाब विचारायचा, त्याला खुर्चीवर ठेवायचं नाही, पण त्याच्या हातून ज्या लेकराच्या डोक्यावर पाणी पडलं त्या लेकराकडून काही काढून घ्यायचं नाही. आईंना सांगा लागला. पूर्ण लागला.

आता भाऊचं. समोरचे लोक काय करायचे माहीत आहे का, कॅथोलिक माणूस त्यांच्याकडे गेला की त्याला म्हणायचे तू अजून मूर्तिपूजकच आहेस, ये, ख्रिस्ती हो, आणि परत बाप्तिस्मा द्यायचे. ऑप्टाटस उलट म्हणतो की तू नको म्हणालास तरी तू माझा भाऊच आहेस, कारण आपण दोघं "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणतो. आमच्या! माझ्या नाही. बाप एकच असेल तर मी तुला भाऊ न म्हणून करू काय? तेव्हा ते गोड बोलणं नाही. पाखंडी वेगळा आणि फुटून गेलेला वेगळा हा फरक त्याच्यासाठी फार मोलाचा आहे. फुटून गेलेल्याने आईचं घर सोडलं पण तो आईच्या पोटचाच, म्हणून त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा, आपल्याकडे आला तर परत द्यायचा नाही.

नगरची_लेक

वरचं सगळं वाचलं, आवडलं, पण मला गप्प बसवत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट, कॉलेजात इतिहास घेतला होता, आणि मला या गोष्टीत डोनाटिस्ट लोकांची बाजू कोणी मांडतच नाही याचं वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे आपण सगळं एकाच वकिलाकडून ऐकतोय. पार्मेनियनचं पुस्तक गेलं, आज आहे ते फक्त ऑप्टाटसने उत्तर देताना जेवढं उचललं तेवढंच. लुसिला रागीट होती हे कोण सांगतं? ऑप्टाटस, 50 वर्षांनी. चारचौघात अपमान सेसिलियनने केला आणि फुटीचं खापर बाईच्या डोक्यावर.

दुसरं 347. सम्राटाची दोन माणसं पॉल आणि माकारियस आफ्रिकेत आले, गरिबांना वाटायला पैसे घेऊन आणि चर्च एक करायला. डोनाटसने विचारलं, सम्राटाचा चर्चशी संबंध काय? खरं सांगा, या वाक्यात चूक काय आहे? ऑप्टाटस उत्तर देतो की राज्य चर्चमध्ये नाही, चर्च राज्यामध्ये आहे. मला हे वाक्य टोचतं. कारण त्यानंतर सैनिक आले, बागाई गावात डोनाटिस्ट माणसं मारली गेली, आणि ऑप्टाटस तिसऱ्या पुस्तकात एकीकडे म्हणतो आम्ही सैनिक मागितले नाहीत आणि दुसरीकडे माकारियसची तुलना बायबलात देवासाठी माणसं मारणाऱ्या मोशे, फिनहास आणि एलियाशी करतो. म्हणजे भाऊ म्हणायचं आणि भावाला मारणाऱ्याला संदेष्ट्यांच्या रांगेत बसवायचं? हे मला नाही जमत.

आणि त्या सर्कमसेलियन लोकांना (डोनाटिस्टांच्या बाजूच्या खेड्यातल्या टोळ्या) सगळे गुंड म्हणून मोकळे होतात. ऑप्टाटस स्वतःच लिहितो की त्यांच्या भीतीने सावकार वसुलीला जाईनासे झाले, आणि रस्त्यात मालकाला गाडीतून उतरवून गुलामांना त्याच्या जागी बसवायचे आणि मालकाला गाडीपुढे पळायला लावायचे. तो हे भयंकर म्हणून सांगतो. पण त्या गाडीत पहिल्यांदा बसलेल्या गुलामाचा मी विचार करते. ज्यांच्या आजोबांनी पुस्तकं दिली नाहीत आणि जीव दिला त्यांना वाटणारच ना की आमची चर्च हुतात्म्यांची आणि ज्यांनी तडजोड केली त्यांना आता त्याच राजाचे पैसे मिळतायत.

जुन्या_वह्या

ताई, माकारियसबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, ती त्या पुस्तकातली सगळ्यात दुबळी पानं आहेत आणि मी त्यांची बाजू घेणार नाही. पण हुतात्म्यांची चर्च हा दावा घेतला तर त्याच लोकांची जुनी बैठक बघा. छळ संपल्यावर सिर्ताला नवीन बिशप नेमायला नुमिदियाचे बिशप एका घरात जमले, कारण चर्चच्या इमारती अजून परत मिळाल्या नव्हत्या. सेकुंडस म्हणजे त्यांच्यातला ज्येष्ठ, त्याने एकेकाला विचारायला घेतलं, तू पुस्तकं दिलीस का? एकेक जण चाचरायला लागला. मग पुरपुरियसची पाळी, त्याच्यावर आरोप होता की मिलेविसच्या तुरुंगात त्याने स्वतःच्या बहिणीची दोन मुलं मारली. तो म्हणाला हो मारली, आणि माझ्या आड येईल त्याला अजून मारीन, आणि तू कसा सुटलास ते बोलायला लावू नकोस. सेकुंडस गप्प, आणि सगळ्यांचा हिशोब देवावर सोडून दिला. पुढे सेसिलियनला अशुद्ध ठरवायला कार्थेजला जे गेले त्यात हेच लोक होते.

गोष्ट ऑप्टाटसच्या स्वतःच्या गावातली आहे हे लक्षात घ्या. मिलेविसच्या लोकांना तो तुरुंग माहीत असणार. म्हणून तो एवढा पोटतिडकीने विचारतो की शुद्ध कोण, सांगा ना कोण.

आणि मारहाण एकाच बाजूची नव्हती. 361 नंतर सम्राट जूलियनने डोनाटिस्टांना परत येऊ दिलं तेव्हा त्यांनी चर्चच्या इमारती ताब्यात घेताना काय केलं ते दुसऱ्या आणि सहाव्या पुस्तकात आहे. कॅथोलिकांची कम्युनियन कुत्र्यांपुढे टाकली. कॅथोलिकांचा हात लागला म्हणून वेद्या विटाळल्या! जिथे लाकूड मुबलक तिथे वेदी फोडून टाकली, जिथे लाकडाची टंचाई तिथे नुसती तासून घेतली, आणि फोडलेल्या लाकडावर प्यायला पाणी तापवलं. भिंती धुतल्या. इथे ऑप्टाटसचा प्रश्न असा की वेदीवर तर कापड असतं, विटाळ कापडातून लाकडात उतरला असेल तर लाकडातून जमिनीतही उतरला असणार, मग खाली खणा की! आणि आम्ही ज्या रस्त्यांवरून चालतो ते रस्ते नाही का धुणार? विटाळ मानणाऱ्याला इतका सरळ प्रश्न विचारलेला मी दुसरीकडे क्वचितच वाचलाय.

नगरची_लेक

तो वेदीचा भाग मी वाचला नव्हता. मान्य, तिथे तो बरोबर आहे. 347 बद्दल मात्र मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

पापडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताडमाड ताई, काल रात्री जेवणं झाल्यावर आईला तुमचं वाचून दाखवलं. विहिरीचं तिला लगेच पटलं, आमच्या वाडीत रहाट होताच. "आमच्या बापा" वाल्या भागाला तिने परत वाच म्हणून सांगितलं. मग थोडा वेळ काही बोलली नाही आणि म्हणाली, "त्या फादरला पण कोणीतरी भाऊ म्हणत असेल ना रे." मी या बाजूने विचारच केला नव्हता. माझा राग अजून आहे, तो गेलेला नाही, जे झालं त्याचा जाब विचारलाच पाहिजे असं मला आजही वाटतं.

तिने आणखी एक विचारलं, की पार्मेनियनने मग काय उत्तर दिलं? आला का तो परत?

जुन्या_वह्या

नाही आला, शेवटपर्यंत कार्थेजचा डोनाटिस्ट बिशपच राहिला, साधारण 391 पर्यंत. तीसेक वर्षं. ऑप्टाटस त्याला उत्तर देताना सांगतो की हा बाहेरून आफ्रिकेत आलेला, त्याला इथलं जुनं माहीत नाही, आणि त्याला थोडी सूट दिल्यासारखं बोलतो.

पण पुस्तकाचं मात्र पुढे झालं. पहिली सहा पुस्तकं साधारण 366-367 ची, त्याच काळातल्या संत जेरोमलाही सहाच माहीत होती. मग 384 च्या सुमाराला ऑप्टाटस परत बसला आणि सातवं जोडलं. समोरचे म्हणत होते की आम्ही एवढे वाईट फितुरांचे वंशज असू तर आम्हाला परत बोलावता कशाला? त्याला हे उत्तर आहे. तो म्हणतो बापाने दिलं म्हणून मुलगा दोषी होत नाही, शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढतात, आणि पेत्राने तर त्या रात्री कोंबडा आरवायच्या आधी ख्रिस्ताला तीनदा नाकारलं तरी बाकीच्या प्रेषितांनी त्याला बाजूला काढलं नाही, स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या.

पापडीकर

सातवं आज रात्री काढतो. पेत्राचा भाग आईला आवडेल, तिच्या वडिलांचं नाव तेच होतं.